गोठवलेली शेवंड घरी वाफवताना: पाकिटापासून ताटापर्यंत

गोठवलेल्या शेवंडीची (लॉबस्टरची) मध्यम आकाराची शेपटी वाफवायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पण ती मऊ लुसलुशीत होणार की चिवट, हे बरंचसं त्या दहा मिनिटांच्या आधीच ठरलेलं असतं. पाकीट कसं निवडलं, बर्फ कसा उतरवला आणि गॅस कधी बंद केला, या तीन गोष्टींवर सगळी भिस्त आहे. मसाल्याचा नंबर त्यानंतर लागतो.

आपल्याकडे शेवंड घरात आली की पहिला विचार वाटणाचा होतो. ताज्या शेवंडीचं कालवण उत्तमच लागतं, त्याबद्दल वाद नाही. गोठवलेल्या शेवंडीचं गणित वेगळं आहे. गोठताना मांसात बर्फाचे स्फटिक तयार होतात, ते पेशींना टोचतात आणि मांसाची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. असं मांस रटरटत्या रश्श्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की उरलंसुरलं पाणीही बाहेर पडतं. रस्सा गोड होतो, पण शेवंड दाताखाली रबरासारखी लागते. पाण्यात उकडली तर चवही पाण्यात उतरते. वाफेवर दोन्ही नुकसानं टळतात. म्हणून माझं ठाम मत आहे, गोठवलेली शेवंड आधी नुसती वाफवावी आणि मसाल्याशी गाठ नंतर घालून द्यावी.

पाकिटात नेमकं काय आहे

आपल्या किनाऱ्यावर मिळते ती काटेरी शेवंड. तिला खेकड्यासारख्या मोठ्या नांग्या नसतात. डोक्यावर लांब, जाड, काटेरी मिशा असतात आणि खाण्याजोगं मांस जवळजवळ सगळं शेपटीत असतं. मुंबई आणि गुजरातच्या पट्ट्यात मुख्यतः पॅन्युलिरस पॉलिफेगस ही जात मिळते. रंगाने मळकट हिरवी आणि शेपटीच्या प्रत्येक वळ्यावर आडवी पांढरी रेघ, अशी ती चटकन ओळखू येते. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर पॅन्युलिरस होमारस जास्त सापडते. तिच्या अंगावर बारीक पांढरे ठिपके असतात. अमेरिका आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरची, दोन दणदणीत नांग्यांची जात ही तिसरीच. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

आपल्याकडे गोठवलेली मिळते ती बहुतेक वेळा नुसती शेपटी, तीही कच्ची. त्यामागे कारण आहे. शेवंडीच्या डोक्याकडच्या भागात पाचक रस असतात. शेवंड मेल्यावर ते शेजारच्या मांसावर काम सुरू करतात आणि मांस पिठूळ, लिबलिबीत होतं. शेपटी लगेच वेगळी केली की हा धोका राहत नाही. म्हणून डोक्यासकट कच्ची गोठवलेली शेवंड आणि नुसती शेपटी असा पर्याय असेल, तर ताटात सबंध शेवंड कितीही देखणी दिसली तरी मी शेपटीच घेईन.

आकाराकडेही बघा. २००३ साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी शेवंडीची किमान वजनं ठरवून दिली. त्यात पॉलिफेगससाठी ३०० ग्रॅम आणि होमारससाठी २०० ग्रॅम ही मर्यादा आहे. हेतू साधा आहे, पिल्लावळ वाढवायची संधी मिळण्याआधी शेवंड जाळ्यात जाऊ नये. शेपटी साधारण एकूण वजनाच्या एक तृतीयांश भरते, म्हणजे ३०० ग्रॅमच्या शेवंडीची शेपटी जेमतेम १०० ग्रॅमची. घरासाठी घेतानाही हाच हिशेब डोक्यात ठेवावा. आडव्या पांढऱ्या रेघांच्या, साठ-सत्तर ग्रॅमच्या चिमुकल्या शेपट्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत. मुंबईच्या ट्रॉलरना एके काळी चपट्या शेवंडीचे ढीग मिळायचे. १९९० च्या दशकात ती मासेमारी कोसळली. समुद्र देतोय तोवर ओरबाडत राहिलं की काय होतं, ते आपल्याच बंदरात दिसलेलं आहे. शिवाय १५० ते २०० ग्रॅमची शेपटी वाफवायला सोपी जाते. फार लहान शेपटी डोळ्याचं पातं लवेपर्यंत जास्त शिजते.

आता लेबल वाचा. पहिली गोष्ट, कच्ची आहे की शिजवलेली. शिजवून गोठवलेली शेवंड पुन्हा पूर्ण वेळ वाफवली तर हमखास चिवट होते. लेबल अस्पष्ट असेल तर कवचाच्या रंगावर जाऊ नका, कारण थंड समुद्रातल्या काही जाती कच्च्या असतानाच लालसर असतात. कापलेल्या बाजूचं मांस बघा. ते करडं, काचेसारखं अर्धपारदर्शक असेल तर कच्चं, दुधासारखं पांढरं असेल तर शिजवलेलं.

दुसरी गोष्ट, वजन. गोठवलेल्या मासळीवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवतात. मांस कोरडं पडू नये म्हणून तो लागतोच. पण थर जाड असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे मोजता. बर्फ वगळून निव्वळ वजन किती, हे पाकिटावर शोधा.

तिसरी गोष्ट, घटकांची यादी. त्यात आयएनएस ४५१ (आयएनएस म्हणजे अन्नात मिसळलेल्या द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) दिसलं तर मांसात पाणी टिकावं म्हणून फॉस्फेट वापरलेलं आहे. अशी शेपटी शिजताना पाणी सोडते, आणि तिला वेगळं मिठाचं पाणी लावायचं नसतं. आयएनएस २२३ म्हणजे सल्फाइट. कवच काळं पडू नये म्हणून ते वापरतात. दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइट सोसत नाही, तेव्हा घरात कुणाला दमा असेल तर हा आकडा आवर्जून बघा.

शेवटी पाकीट उलटंपालटं करून बघा. बर्फ सगळीकडे सारखा पसरलेला असावा. पाकिटाच्या एका कोपऱ्यात बर्फाचा ढेकूळ साठला असेल तर मधे कधीतरी वीज गेली, माल विरघळला आणि पुन्हा गोठला, असं समजा. मांसावर पांढरे, कोरडे, खडूसारखे डाग म्हणजे फ्रीजरमध्ये मांस वाळलं आहे. तो भाग शिजून मऊ होत नाही. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर पाकीट परत ठेवा.

बर्फ उतरवणं

माझ्या मते सगळ्या कृतीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. आणि नेमकी इथेच घाई होते, कारण पाहुणे संध्याकाळी येणार असतात आणि आठवण दुपारी होते.

गोठलेली शेपटी थेट वाफेवर ठेवू नये. बाहेरचं मांस शिजून आकसतं तेव्हा आतला गाभा अजून बर्फातच असतो. तो शिजेपर्यंत बाहेरचा भाग चिवट होतो, आणि मांस कवचाला इतकं चिकटतं की काढताना त्याचे तुकडे पडतात.

उत्तम उपाय म्हणजे फ्रीजचा खालचा, चार अंश किंवा त्याहून थंड असलेला कप्पा. शेपट्या एका खोलगट ताटलीत, शक्यतो जाळीवर ठेवा, म्हणजे सुटलेल्या पाण्यात त्या बसून राहणार नाहीत. वर सैल झाकण घाला. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या शेपटीला आठ ते दहा तास लागतात, म्हणजे रात्री ठेवली की सकाळी तयार. सबंध शेवंडीला पूर्ण चोवीस तास द्या. शिजवलेल्या भाजीच्या किंवा दुधाच्या वरच्या कप्प्यात मात्र हे ताट ठेवू नका. कच्च्या मासळीचं पाणी खाली ठिबकलं तर सगळं वाया जातं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पाकीट हवा काढून घट्ट बंद केलेलं असेल तर फ्रीजमध्ये बर्फ उतरवण्याआधी ते फोडा, किंवा निदान एका बाजूने कापा. हवा नसलेल्या जागी वाढणारा आणि अतिशय घातक विष तयार करणारा एक जिवाणू असतो. त्याचे काही प्रकार फ्रीजच्या गारव्यातही वाढू शकतात. मांस गोठलेलं आहे तोवर भीती नाही. बर्फ उतरल्यावर बंद पाकिटात त्याला हवी तशी परिस्थिती मिळते. पाकिटाला कात्री लावली की प्रश्न मिटला.

रात्री ठेवायचं राहिलं असेल तर गार पाण्याचा मार्ग आहे. शेपट्या मूळ पाकिटातून काढून जाड, न गळणाऱ्या पिशवीत घाला, तोंड बंद करा आणि पातेल्यातल्या गार पाण्यात बुडवा. वर एखादी ताटली ठेवली की पिशवी तरंगत नाही. दर अर्ध्या तासाला पाणी बदला. मध्यम शेपटी पाऊण तास ते तासाभरात मोकळी होते, आणि मग ती लगेच शिजवायची. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणीच कोमट येतं, तेव्हा पाण्यात बर्फाचे चार खडे टाका.

शेपटी थेट पाण्यात सोडू नका. मांस पाणी पितं आणि चव फिकी पडते. गरम पाणी तर नाहीच, ओट्यावर उघड्यावर ठेवणंही नाही. मायक्रोवेव्हमधला बर्फ उतरवण्याचा पर्यायही शेवंडीला मानवत नाही, त्यात कडा शिजून निघतात.

बर्फ पूर्ण उतरला का, हे कसं कळेल? शेपटी हातात धरून हलकेच वाकवा. ती सांध्यासांध्यातून सहज वाकली पाहिजे. मग कापलेल्या बाजूने, मांसाच्या अगदी मधोमध, बोट किंवा बांबूची काडी आत घाला. कुठे कडक लागलं तर अजून अर्धा तास द्या.

याच वेळी वास घ्या. समुद्राचा, किंचित गोडसर वास हवा. नाकात जाणारा, नवसागरासारखा उग्र वास आला तर शेवंड टाकून द्या. मसाला घालून तो वास झाकता येतो, पण त्यातला धोका जात नाही.

साफ करणं आणि काडी घालणं

शेवंडीचे काटे बोटात शिरतात आणि अशी जखम चिघळू शकते. हातमोजे घाला, किंवा जाड फडक्यात शेपटी धरा. गार पाण्याखाली पटकन धुऊन पुसून कोरडी करा.

शेपटी पोटावर ठेवा, पाठ वर. किचन कात्रीचं एक पातं कवच आणि मांस यांच्यामध्ये सरकवा आणि पाठीच्या मधोमध शेवटच्या पंख्याच्या जरा अलीकडेपर्यंत कवच कापत न्या. पंखा कापू नका, त्यानेच शेपटीचा आकार धरून ठेवलेला असतो. आता दोन्ही अंगठ्यांनी कवच किंचित फाकवा. मांसाच्या वरच्या बाजूला कोळंबीत असतो तसाच काळपट दोरा दिसेल. सुरीच्या टोकाने मांसाला उथळ चीर द्या आणि दोरा अख्खा ओढून काढा. तो तुटला तर ओल्या कागदी रुमालाने पुसून घ्या, नळाखाली धरू नका. मग कवच परत मिटवा. शिजताना मांस कवचाच्या आतच राहायला हवं, ते त्याला कोरडं पडू देत नाही.

वाफ लागली की शेपटी पोटाकडे वळून गोल होते. मग जाड बाजू आणि पातळ बाजू सारखी शिजत नाही. हे टाळायला बांबूची काडी पोटाकडच्या पातळ कातडीच्या लगत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार घाला. शेपटी सरळ राहते, ताटातही छान दिसते.

घटकांत फॉस्फेट किंवा मीठ नसेल तर एक लिटर गार पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट मोठे चमचे बारीक मीठ विरघळवा आणि शेपट्या त्यात पंधरा मिनिटं ठेवा. मीठ आतपर्यंत मुरतं आणि शिजताना मांस पाणी कमी सोडतं. जास्त वेळ ठेवलं तर खारट होते. हळद-मीठ लावून ठेवायची आपली सवय इथे बाजूला ठेवा. लिंबू किंवा कोकम तर अजिबात लावू नका, आंबटाने मांस आधीच आवळून येतं.

पात्र

खास भांडं लागत नाही. इडलीपात्राचा खालचा भाग आणि त्यावर बसणारी भोकांची चाळण पुरते. मोठं पातेलं, आत तिवई आणि वर चाळण हेही चालतं. प्रेशर कुकर वापरायचा असेल तर शिटी काढून ठेवा, इथे दाब नको आहे. मोदकपात्र अगदी योग्य असतं, पण बऱ्याच घरांत गणपतीच्या मोदकांचं पात्र मासळीला लावत नाहीत. तिथे वेगळी चाळण ठेवलेली बरी, कारण शेवंडीचा वास भांड्याला दोन-तीन घासण्यांपर्यंत राहतो.

तळाशी दोन ते तीन सेंटिमीटर पाणी घाला. ते चाळणीला टेकता कामा नये. पाण्यात एक चमचा मीठ, ठेचलेल्या लसणीच्या चार पाकळ्या, आल्याचा तुकडा, दोन-चार मिरी टाका. चाळणीवर हळदीचं पान किंवा केळीच्या पानाचा तुकडा अंथरला तर वाफेला मंद सुवास येतो. पानाने सगळी भोकं बुजवू नका, वाफेला वर यायला वाट हवी. झाकणाला आतून स्वच्छ सुती फडकं बांधलं की झाकणावरचं पाणी शेवंडीवर ठिबकत नाही. फडक्याची टोकं वर गाठ मारून ठेवा, ज्योतीजवळ लोंबू देऊ नका.

वाफवणं

पाणी खळखळून उकळू द्या. झाकणाच्या कडेने वाफेचा झोत येऊ लागला की झाकण स्वतःच्या तोंडापासून दूर कलतं करून उघडा आणि शेपट्या पाठ वर करून, एकमेकींना न टेकता, एकाच थरात मांडा. वाफ गार कवचाला लागून तिचं पाणी होतं तेव्हा ती आपली उष्णता देते. शेपट्या एकमेकींवर रचल्या तर मधल्या बाजूंना वाफ पोचतच नाही. झाकण लावा, आच मध्यम मोठी ठेवा. वाफ पुन्हा जोरात येऊ लागली की तिथून वेळ मोजा.

पूर्ण बर्फ उतरलेल्या कच्च्या शेपटीला लागणारा वेळ असा:

१०० ग्रॅम: ५ मिनिटं
१५० ग्रॅम: ६ ते ७ मिनिटं
२०० ग्रॅम: ८ ते ९ मिनिटं
२५० ते ३०० ग्रॅम: १० ते १२ मिनिटं

वेगवेगळ्या वजनाच्या शेपट्या असतील तर मोठी आधी ठेवा, लहान मागाहून. मधेमधे झाकण उघडून बघू नका, प्रत्येक वेळी वाफ निघून जाते आणि हिशेब चुकतो. महाबळेश्वरसारख्या उंच जागी पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं, तिथे मिनिटभर जास्त धरा. पुण्याला फारसा फरक पडत नाही.

हे आकडे सुरुवातीला हाताशी धरायला आहेत. खरा निर्णय शेपटी बघूनच घ्यायचा, आणि सांगितलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी पहिली तपासणी करायची.

शिजली हे कसं ओळखायचं

कवच लाल झालं म्हणजे शेवंड शिजली, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. कवचात अॅस्टाझँथिन नावाचं लाल-नारिंगी रंगद्रव्य मुळातच असतं. जिवंतपणी ते एका प्रथिनाला बांधलेलं असल्यामुळे निळसर-हिरवं दिसतं. उष्णतेने त्या प्रथिनाची पकड सुटते आणि लाल रंग उघडा पडतो. हे सगळं कवचात, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरात, पहिल्या दोन-तीन मिनिटांतच घडतं. तेव्हा आतलं मांस निम्मंही शिजलेलं नसतं.

बघायचं ते मांस. पाठीवरच्या चिरेतून सुरीच्या टोकाने जाड भाग किंचित उघडा. कच्चं मांस करडं आणि काचेसारखं असतं, आरपार दिसल्यासारखं वाटतं. शिजत जाताना कडेपासून आत पांढरेपणा सरकत येतो. अगदी मधोमध नखाएवढा भाग किंचित ओलसर, मोत्यासारखा चमकदार राहिला असेल आणि बाकी सगळं दुधाळ पांढरं झालं असेल, तर गॅस बंद करायची वेळ आली. चिरेच्या कडेला पांढऱ्या रसाचे बारीक थेंब जमू लागतात, तीही खूण आहे. ते थेंब वाढून फेसाळ गोळे झाले की मांस पिळून निघू लागलंय असं समजा. बोटाने दाबलं तर मांस हलकेच उसळून वर यायला हवं. बोट रुतलं तर कच्चं, दगडासारखं लागलं तर जास्त शिजलेलं.

स्वयंपाकाचं थर्मामीटर असेल तर काम आणखी सोपं. टोक सर्वांत जाड भागात, कवचाला न टेकवता घाला. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाची शिफारस ६३ अंश सेल्सिअसची आहे. ६० अंशांना गॅस बंद करून शेपटी दोन मिनिटं झाकून ठेवली की अंगच्या उष्णतेने पारा तिथवर चढतो. चढला नाही तर आणखी अर्धा मिनिट वाफ द्या. गरोदर बाई, लहान मूल, वयस्कर माणूस किंवा आजारातून उठलेलं कुणी जेवणार असेल तर ६३ अंश गाठल्याशिवाय वाढू नये. सत्तरच्या पुढे मात्र जाऊ देऊ नका, त्या तापमानाला मांसातले धागे आवळून पाणी बाहेर ढकलतात. एकदा चिवट झालेली शेवंड पुढे कितीही शिजवली तरी मऊ होत नाही, कारण मटणासारखा हळूहळू विरघळणारा भाग तिच्यात फारसा नसतो.

शेपटी गारच खायची असेल, कोशिंबिरीत घालायची असेल, तर पात्रातून काढल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून पुसून घ्या.

काडी गरम असतानाच, फिरवत फिरवत ओढून काढा, थंड झाल्यावर ती मांसाला धरून बसते. मग कवच दोन्ही बाजूंनी फाकवायचं आणि पंख्याकडून अंगठा घालून मांस पुढे ढकलायचं. नीट बर्फ उतरवलेली, नीट शिजलेली शेपटी अख्खी सुटून हातात येते, वर तांबूस रेघा आणि आत शुभ्र.

मसाल्याशी गाठ

पहिला घास नुसता खा, दोन थेंब लिंबू पिळून. शेवंडीचा गोडवा काय असतो ते तेव्हा कळतं.

बटर-लसूण सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात एवढंच सांभाळा की लसूण मंद आचेवर नुसती पारदर्शक व्हावी, लाल होऊ नये, आणि बटर शेवंडीवर अगदी वाढताना ओतावं. मला त्याहून नारळाचा दाट रस आवडतो. अर्धी वाटी पहिला रस, एक ठेचलेली हिरवी मिरची, लसणीची एक पाकळी, चवीला मीठ आणि अर्धा चमचा कोकमाचं आगळ, हे नुसतं ढवळायचं, उकळायचं नाही. गरम शेवंडीचा तुकडा त्यात बुडवून खायचा.

मालवणी रस्सा हवाच असेल तर रस्सा आधी पूर्ण तयार करा. वाटण परता, रस्सा उकळा, कोकम घाला, चव बघा. मग गॅस बंद करा, वाफवलेल्या शेवंडीचे मोठे तुकडे त्यात सोडा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. तवा मसाल्याचंही तसंच. मसाला तव्यावर खमंग परतून झाल्यावर तुकडे त्यात घोळवायचे, एका बाजूला अर्धा मिनिट, दुसऱ्या बाजूला अर्धा मिनिट, आणि खाली उतरवायचे. या कामासाठी वाफवताना शेपटी एक मिनिट आधीच काढा, पण गरम रश्श्यात किंवा तव्यावर ती पूर्ण शिजू द्या.

परदेशात, नांग्यांची शेवंड हाती आली तर

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांना होमारस अमेरिकानस ही जात गोठवलेली सहज मिळते, आणि ती पुष्कळदा सबंध, शिजवलेली असते. कॅनडातून ती लांब नळीसारख्या पिशवीत, मिठाच्या पाण्यासकट गोठवून येते. अशी शेवंड फ्रीजमध्ये पूर्ण दिवसभर ठेवून बर्फ उतरवा, खारं पाणी ओतून द्या, वरून पटकन धुवा आणि पाच-सहा मिनिटं वाफेवर फक्त गरम करा. त्याहून जास्त नको. पाण्यात किंवा रश्श्यात मीठ घालताना हात आखडा, मांस आधीच खारवलेलं आहे.

कच्ची सबंध असेल तर अर्ध्या किलोला दहा ते बारा मिनिटं, पाऊण किलोला साधारण पंधरा मिनिटं लागतात. नांग्यांचं कवच जाड असल्याने शेपटी झाली तरी नांग्या मागे राहतात. शक्य असेल तर त्या वेगळ्या करून दोन मिनिटं आधी वाफेवर ठेवा. छातीत हिरवट, मऊ गर असतो. काही जण तो आवडीने खातात. समुद्रातली विषारी द्रव्यं याच भागात साठू शकतात, म्हणून अमेरिकन शेवंडीचा हा गर खाऊ नये, असा अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाचा सल्ला आहे. तो काढून टाका. लाल, दाणेदार गाबोळी मिळाली तर ती खाण्याजोगी असते. ती काळपट-हिरवी दिसली तर अजून शिजायची आहे.

वाढण्याआधी, आणि उरलं तर

पाहुण्यांना आधी विचारा. कोळंबी किंवा खेकड्याची अॅलर्जी असलेल्या माणसाला शेवंडही बहुधा चालत नाही. त्रास देणारं प्रथिन उष्णतेने नष्ट होत नाही, त्यामुळे नीट शिजवली म्हणून धोका टळत नाही. अॅलर्जी तीव्र असेल तर स्वयंपाकघरातली वाफसुद्धा बाधू शकते. त्या दिवशी शेवंडीचा बेत करू नये.

शिजलेली शेवंड दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका, उन्हाळ्यात त्याहूनही कमी. उरलेलं मांस कवचातून काढून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. पुन्हा गरम करण्यापेक्षा गारच वापरलेलं चांगलं: बारीक कांदा, काकडी, कोथिंबीर, ओलं खोबरं आणि लिंबू घालून कोशिंबीर होते. बर्फ उतरवलेली कच्ची शेपटी परत गोठवू नका. मांसाची एकदा झालेली हानी दुप्पट होते. वीज सारखी जाणाऱ्या गावात तर लागेल तेवढंच आणावं, आणि आणलेलं पाकीट तीन-चार महिन्यांत वापरून टाकावं.

कवचं फेकू नका. ती वरवंट्याने जरा ठेचा, चमचाभर तेलात कांद्याबरोबर पाच मिनिटं परता, वाफवलेल्या पात्रातलं उरलेलं पाणी आणि आणखी लिटरभर साधं पाणी घाला आणि मंद आचेवर अर्धा तास ठेवा. जास्त उकळलं तर कडवट होतं. दुहेरी फडक्यातून गाळा, म्हणजे कवचाची कणी राहत नाही. पात्रातल्या पाण्यात मीठ होतं, तेव्हा चव बघूनच पुढे वापरा. कोळंबी भाताला पाण्याऐवजी हे वापरता येतं, किंवा डब्यात भरून महिनाभर गोठवून ठेवता येतं.